आईस दोष देण्यापूर्वी

शाळेच्या वार्षिक अंकात शिक्षकाने लिहावयाचे म्हणजे विद्यार्थ्यांस चार उपदेशाच्या गोष्टी सांगावयाच्या, असा रिवाज पडून गेला आहे. आजवर आम्हीही तो पाळीत आलो. यंदा मात्र आमच्याच एका चुकीविषयी लिहावे असे मनात आले. ही चूक एका विद्यार्थिनीच्या आईसंबंधी घडली. ती आमच्या हातून झाली हे खरे. तथापि शिक्षक म्हणविणाऱ्या पुष्कळांच्या हातून ती होत असावी असे आम्हांस वाटते, आणि ज्या पालकांच्या बाबतीत ती होते ते बहुधा निमूटपणे घरी निघून जातात.

नऊ वर्षांपूर्वी इयत्ता आठवीत एक मुलगी होती. अक्षर मोत्यासारखे, तोंडचा हिशेब बिनचूक. परंतु आठवड्यातून दोन दिवस ती वर्गात नसे, आणि सातवीत असताना दिवाळीच्या सुट्टीनंतर ती जी गेली ती उन्हाळा लागल्यावरच परत आली होती. तिचे आईबाप पाथर्डीकडचे, ऊसतोडीला जाणारे. सहामाही परीक्षेनंतर पालकसभा भरली तेव्हा आई आली. कडेवर दीड वर्षाचा मुलगा, तापाने किरकिरणारा. आम्ही तिला बसावयास सांगितले व हजेरीपट पुढे ठेवून बोलू लागलो. काय बोललो ते आठवले म्हणजे आज लाज वाटते. "ताई, पोरीचे हे शिकण्याचे दिवस आहेत. तुम्ही तिला धाकटा सांभाळायला घरी ठेवता, पाच-पाच महिने उसाच्या फडात नेता. तिची काही काळजी आहे का तुम्हांला?" असे आम्ही विचारले, आणि उत्तराची वाट न पाहता आणखी दहा मिनिटे बोललो. शिक्षणाचे महत्त्व सांगितले. सावित्रीबाईंचे नाव घेतले. शेजारच्या बाकावरील एका सुशिक्षित आईने मान डोलावून आम्हांस दुजोरा दिला, त्याने तर आम्हांस अधिकच चेव आला. बाईने पदर सावरला, "बरं सर," म्हणाली, आणि गेली.

दिवाळीनंतर मुलगी आली नाही. नववीच्या पटावरही तिचे नाव चढले नाही. पुढे दीड वर्षाने तिची मावशी आपल्या मुलाचे नाव घालावयास शाळेत आली, तेव्हा ओळख निघाली व हकीकत कळली. त्या दिवशी ती आई आमच्याकडे एक विनंती घेऊन आली होती. हंगाम संपेपर्यंत मुलीस आमच्या बोर्डिंगात ठेवून घ्याल काय, एवढेच तिला विचारावयाचे होते. "तुम्ही इतकं बोललात की तिला तोंडच उघडता आलं नाही," मावशी म्हणाली. तिच्या बोलण्यात राग नव्हता, म्हणूनच ते अधिक लागले. मुलीचे लग्न होऊन गेले होते. कायद्याने मुलीस अठरा वर्षे पुरी व्हावी लागतात. हिला सोळाही पुरी नव्हती.

ही आई निष्काळजी होती काय? ज्यांस ऊसतोडीचे जिणे ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडे विस्ताराने सांगितले पाहिजे. दसरा-दिवाळीच्या सुमारास पाथर्डी, शेवगाव, आष्टी, पाटोदा ह्या बाजूची हजारो कुटुंबे गाव सोडतात, ती सांगली, कोल्हापूर व पार कर्नाटकापर्यंत जातात आणि फाल्गुन-चैत्रात परततात. मुकादमाकडून आगाऊ उचल घेतलेली असते; ती फिटेपर्यंत सुटका नसते. उचल बहुधा जोडप्यास मिळते. नवराबायको मिळून एक 'कोयता' होतो, आणि कोयत्यावर हिशेब चालतो. पहाटे अंधारात फडात उतरावे, ऊस तोडावा, मोळ्या बांधाव्या, डोक्यावरून वाहून गाडी भरावी. गाडी रात्री आली तर रात्री भरावी. मुले पाचटाच्या कोपीत किंवा फडाच्या बांधावर. अशा ठिकाणी दीड वर्षाच्या लेकरापाशी त्याची मोठी बहीण नसेल तर कोण असते? साप असतो, उघडी विहीर असते, मागे येणाऱ्या ट्रॅक्टरचे चाक असते.

हे धाकट्याचे झाले. थोरलीचा प्रश्न ह्याहून बिकट. वाढत्या वयाची मुलगी गावी म्हाताऱ्या आजीच्या भरवशावर ठेवावी तर गावाची भीती, बरोबर न्यावी तर फडाची भीती. लग्न हे त्या आईच्या लेखी कुंपण होते. हे कुंपण मुलीलाच काचणार, हे तिला दिसत नव्हते असे नाही. ती स्वतः त्याच वयात त्याच कुंपणात आली होती. दुसरे काही सापडते का हे पाहावयास ती आमच्या दाराशी आली, आणि आम्ही तिला सावित्रीबाई सांगत बसलो.

ह्या प्रसंगानंतर आम्ही पुष्कळ विचार केला, काही वाचनही केले, आणि आमचे असे मत झाले की, मुलांस वाढविण्याविषयीची आईची दृष्टी ही तिच्या एकटीची कधीच नसते. कोणत्या गोष्टीस भ्यावे व कोणत्या गोष्टीची आस धरावी, हे तिला तिच्या आजीने, सासूने, जातीने, धर्माने, गावाने व पोटाच्या धंद्याने शिकविलेले असते. माया सर्व आयांची सारखी असेल. भीती सारखी नसते. आणि संगोपनाच्या रीती बहुतांशी त्या भीतीवरून ठरतात.

पूर्व आफ्रिकेतील केनिया देशात गुसी नावाचे लोक आहेत. रॉबर्ट लेव्हाइन ह्या अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञांनी त्यांच्यामध्ये राहून १९५५ च्या सुमारास अभ्यास केला, व पुढे वीस वर्षांनी सहकाऱ्यांसह पुन्हा जाऊन तेथील तान्ह्या मुलांच्या संगोपनाची बारकाईने पाहणी केली. गुसी आई मूल रडले की तत्काळ जवळ घेते, अंगावर पाजते, रात्री कुशीत निजविते. परंतु त्याच्या डोळ्यांस डोळे लावून बोबडे बोल बोलत ती बसत नाही. तान्ह्यास भाषा कळत नाही, मग त्याच्याशी बोलावयाचे कशासाठी, असा तिचा रोकडा सवाल. अमेरिकेतील शहरी आईचे सारे ह्याच्या उलट. ती तान्ह्याशी अखंड बोलते, त्याच्या प्रत्येक हुंकारास उत्तर देते. परंतु ते निराळ्या पाळण्यात थोडा वेळ रडले तर तिला त्यात वावगे वाटत नाही. लेव्हाइन यांच्या मंडळींनी अमेरिकन आयांची चलच्चित्रे गुसी आयांस दाखविली, तेव्हा मूल रडत असता आई लगेच धावत नाही हे पाहून त्या अस्वस्थ झाल्या. उलट एखाद्या अमेरिकन आईने गुसी आईचे ते मुके संगोपन पाहिले असते तर तिने तिला थंड काळजाची ठरविले असते. १९९४ साली ह्या अभ्यासावर ग्रंथ निघाला. त्याचे सार असे की, जेथे पिढ्यान् पिढ्या तान्ही मुले दगावत आली तेथे मूल जगविणे हेच आईचे पहिले काम ठरते. जेथे ते जगणार ह्याची खात्री पटली तेथे त्याला शिकविण्याची घाई सुरू होते. दोघीही आपापल्या भूमीचे उत्तर देत असतात.

कोणी म्हणेल, हा गरिबी-श्रीमंतीचा भेद आहे, संस्कृतीचा नव्हे. तसेही नाही. हॉलंड व अमेरिका हे दोन्ही देश संपन्न व दोहोंचीही परंपरा ख्रिस्ती. तथापि डच आई विश्रांती, स्वच्छता व नियमितपणा ह्या त्रयीची शपथ वाहते, तर अमेरिकन आईस मुलाच्या बुद्धीस चालना मिळते की नाही ह्याचा घोर. सारा हार्कनेस व चार्ल्स सूपर ह्या अभ्यासकांनी दोहोंची तुलना केली, तेव्हा सहा महिन्यांची डच बालके दिवसाकाठी अमेरिकन बालकांहून सुमारे दोन तास अधिक झोपतात असे आढळले. आईच्या मनातील कल्पना लेकराच्या झोपेपर्यंत जाऊन पोचते ती अशी.

आमच्या आठवीतल्या मुलीशी जवळचा संबंध असलेली पाहणी मात्र आणखी निराळी आहे. जॉन व बिअ‍ॅट्रिस व्हायटिंग ह्या दांपत्याच्या मार्गदर्शनाखाली १९५४ पासून सहा ठिकाणच्या आयांचा व मुलांचा अभ्यास झाला. त्यांत केनियातील गुसी होते, मेक्सिको, फिलिपाइन्स, ओकिनावा व अमेरिकेतील न्यू इंग्लंड होते, आणि आपल्या उत्तर प्रदेशातील एक रजपूत वस्तीही होती. १९७५ साली त्यांनी जे निष्कर्ष प्रसिद्ध केले त्यांत एक असा होता की, ज्या समाजांत आईवर शेतीच्या कामाचा मोठा भार असतो व ती मुलांवर घरची खरीखुरी कामे सोपविते, विशेषतः धाकटी भावंडे सांभाळावयास देते, तेथील मुले इतरांस मदत करण्यात व जबाबदारी घेण्यात पुढे असतात. न्यू इंग्लंडमधील मुलांवर अशी कामे थोडी, आणि ती स्वतःकडे लक्ष वेधून घेण्यात अधिक गुंतलेली. हे वाचले तेव्हा ती मुलगी डोळ्यांपुढे उभी राहिली. जे आमच्या हजेरीपटावर 'गैरहजर' होते, ते तिच्या आईच्या मते एक शिक्षणच होते, आणि ती सर्वस्वी चूक नव्हती.

प्रार्थनेच्या तासास आम्ही मिर्यामेची गोष्ट किती वेळा सांगितली असेल! फारोच्या भीतीने आईने तान्ह्या मोशेस लव्हाळ्यांच्या पेटीत घालून नदीकाठी ठेविले, आणि थोरली बहीण दूर उभी राहून त्याच्यावर नजर ठेवीत राहिली. त्या आईने लेकरू टाकले असे कोणी म्हणत नाही. त्या मुलीचे सर्वजण कौतुक करितात. वर्गात मिर्यामेची वाखाणणी करावी आणि ती बाकावर दिसली नाही की तिच्या आईस बोल लावावा, असा आमचा न्याय होता.

आईच्या वागण्याचा आम्हा शिक्षकांकडून विपर्यास होण्याचे दुसरे एक ठिकाण म्हणजे प्रगतिपुस्तक देण्याचा दिवस. आम्ही म्हणावे, "तुमचा मुलगा हुशार आहे हो," आणि आईने तत्काळ उत्तर द्यावे, "कशाचा हुशार! नुसता दांडगोबा आहे मेला." नवीन शिक्षकांस वाटते, हिला पोराचे कौतुक नाही. कौतुक आहे, म्हणूनच ती झाकते. उघड केले तर दृष्ट लागेल. वर उल्लेखिलेल्या रजपूत वस्तीतील आयाही मुलांची तोंडावर स्तुती करीत नसत; स्तुतीने मूल शेफारते असा त्यांचा समज. आमची आजी ख्रिस्ती घरातली. मीठ-मोहऱ्या ओवाळणे तिच्या आईनेच सोडून दिले होते, आणि गालावरची तीटही आमच्या घरात कधी कोणास लागली नाही. परंतु आम्ही पहिल्या वर्गात पास झालो तेव्हा आजी शेजाऱ्यांस म्हणाली, "झाला कसाबसा." मागाहून आत बोलावून तिने आमच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली आणि गुळाचा खडा दिला. धर्म बदलला तरी आईपणातली ती जुनी दचक लवकर जात नाही. जावी असेही आम्हांस वाटत नाही. फक्त मुलांनी तिचा अर्थ ओळखावा.

पणजीची एक गोष्ट ह्याच ओघात सांगण्याजोगी आहे. ती मिशनच्या बंगल्यावर आयाचे काम करी. त्या काळी गोऱ्या मिशनरी मंडळींची मुले सहा-सात वर्षांची झाली की आईबापांपासून दूर जात. पूर्वी बोटीने स्वदेशी, आणि १९०१ साली कोडाईकनाल येथे मिशनऱ्यांच्या मुलांसाठी शाळा निघाल्यावर पुष्कळशी तिकडे. बंगल्यावरचा धाकटा मुलगा आगगाडीत बसला तेव्हा पणजी रडली, मडमसाहेब रडल्या नाहीत. "मडमेचं काळीज दगडाचं," असे पणजी पुढे कित्येक वर्षे सांगे. मडमसाहेबांस उलट पणजीचे नवल वाटे, की सहा वर्षांच्या पोरास ही अजून हाताने भरविते, पोटाशी घेऊन निजते. ह्या मुलाचे पुढे कसे व्हावयाचे! ह्याच मंडळींमुळे आमच्या घरात अक्षर आले, त्यांचे ऋण आम्ही विसरलो नाही. १८२७ साली मुंबईस उतरून पुढे अहमदनगरास मुलींच्या शाळा चालविणाऱ्या सिंथिया फरार यांच्यासारख्या स्त्रिया आल्या नसत्या तर आमच्या आज्या वाचावयास केव्हा शिकल्या असत्या, कोण जाणे. परंतु मडमेस भीती होती ती उन्हाळ्याची, पटकीची, आणि आपले मूल स्वतःच्या देशास व भाषेस परके होईल ह्याची. पणजीस भीती होती ती मूल दृष्टीआड होण्याची. एकाच अंगणात दोघी वीस वर्षे वावरल्या, आणि दोघींनी एकमेकींस मनातल्या मनात नापास केले.

मराठी घरांत आई मापावयाचे एक माप ठरून गेले आहे, ते म्हणजे श्यामची आई. साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात ते पुस्तक लिहिले. आम्हीही वर्गात ते वाचून दाखवितो व दाखविताना आमचा कंठ दाटतो. परंतु ती आई कोकणातल्या एका पडत्या काळातील ब्राह्मण घराची आहे, हे आम्ही विसरतो. गरिबी आली तरी मान जाऊ नये, ही तिची सर्वांत मोठी काळजी, आणि तिचे सारे वळण त्या काळजीतून आलेले. श्याम पोहावयास जाण्यास भितो तेव्हा ती त्याला फोकाने मारून बाहेर काढते, लोकांनी आपल्या मुलास भित्रा म्हणू नये म्हणून. आज एखाद्या सदनिकेतील आईने असे केले तर शेजारी धावून येतील, आणि कदाचित आम्हीच तिला शाळेत बोलावून समज देऊ. तेव्हा श्यामची आई वंद्य खरीच. पण फडातल्या आईस तिच्या फुटपट्टीने मापणे न्यायाचे नव्हे.

सदनिकेचा उल्लेख आला म्हणून त्या आयांविषयीही दोन शब्द. ज्या आईने त्या सभेत मान डोलावली, तिची मुलगी सकाळी एका शिकवणीस व संध्याकाळी दुसऱ्या शिकवणीस जात असे, आणि एक गुण कमी पडला तर घरी जावयास भीत असे. ह्या आईसही आम्ही दोष देत नाही. तिच्या वडिलांनी शिक्षणाच्या एका दोरीवर चढून खेडे सोडले होते. ती दोरी मुलीच्या हातून सुटली तर आपण पुन्हा खाली पडू, ही भीती तिला माहेराहून मिळालेली आहे. दोन्ही मुली एकाच वर्गात होत्या. एकीला झोप पुरत नव्हती, कारण धाकटा रात्री रडे. दुसरीलाही पुरत नव्हती.

इतके लिहिल्यावर एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे, नाहीतर आमच्या म्हणण्याचा भलताच अर्थ होईल. आईचे कारण समजून घेणे म्हणजे तिची कृती मान्य करणे नव्हे. पंधरा वर्षांच्या मुलीचे लग्न ही गोष्ट कोणत्याही परंपरेच्या नावाने क्षम्य होत नाही. मुलग्यास दूध व मुलीस कोरा चहा हीही आमच्याकडील एक परंपराच आहे, व ती जितक्या लवकर मोडेल तितकी बरी. आमचे म्हणणे एवढेच की, ज्या भीतीपोटी आई चुकते ती भीती दूर केल्याशिवाय तिची चूक सुधारणे शक्य नसते. नुसत्या बोलण्याने ती फक्त आपल्याकडे यावयाचे बंद करते.

हे ज्यांस फार पूर्वी उमगले त्या ताराबाई मोडक. त्यांनी १९४५ साली बोर्डी येथे ग्राम बालशिक्षा केंद्र काढले, व १९५७ साली ते कार्य कोसबाडच्या टेकडीवर नेले. अनुताई वाघ त्यांच्या जोडीस होत्या. आदिवासी मुले शाळेत येईनात, कारण कोणास गुरे राखावयाची असत, कोणास धाकटे सांभाळावयाचे असे. ताराबाईंनी आयांस व्याख्यान दिले नाही. शाळाच पाड्यावरच्या अंगणात नेली. गुरे चरतात त्या कुरणावर नेली, तिचे नाव कुरणशाळा. आणि धाकट्यांसाठी पाळणाघर काढले, म्हणजे थोरल्या बहिणीचे हात पाटीसाठी मोकळे झाले. महाराष्ट्र शासनानेही पुढे ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी हंगामी वसतिगृहांची योजना काढली, ती ह्याच जातीची. अशा सोयी जेथे चांगल्या चालल्या तेथे मुले गावी राहिली. जेथे कागदावर राहिल्या तेथे ती फडात गेली.

आमच्या शाळेपुरते सांगावयाचे तर दोन लहान बदल झाले आहेत. पालकसभा आता सहामाहीनंतर न भरता दसऱ्यापूर्वी, गाड्या निघण्याच्या आधी, संध्याकाळी भरते. आणि सभेत पहिली पाच मिनिटे शिक्षकाने बोलावयाचे नाही, असा आम्ही आपसांत नियम केला आहे. तो पाळणे किती अवघड आहे हे शिक्षकांसच कळेल. बोर्डिंगातील जागा मात्र मागणीच्या मानाने अजून फार अपुऱ्या आहेत. ज्या पालकांस शक्य असेल त्यांनी एका मुलीचा हंगामापुरता जेवणखर्च उचलावा, ही विनंती आम्ही ह्या अंकाच्या द्वारे करितो. मुख्याध्यापकांकडे नाव द्यावे.

त्या दिवशी कडेवर किरकिरणारा मुलगा यंदा पाचवीत आमच्या शाळेत आला आहे. दसऱ्यापूर्वीच्या सभेस त्याची आई आली होती. आम्ही तिची क्षमा मागितली. तिला तो प्रसंग आठवत होता. पण "जाऊ द्या सर," एवढेच ती म्हणाली. मग बसली, आणि बराच वेळ बोलली. थोरली मुलगी आता नवऱ्याबरोबर कोयता धरते, तिला सहा वर्षांची मुलगी आहे. ह्या नातीस बोर्डिंगात कितवीपासून घेता, हे विचारून यावयास तिने आईस सांगितले होते. पाचवीपासून, असे आम्ही सांगितले. बाईने बोटांवर वर्षे मोजली व म्हणाली, "मग चार हंगाम राहिले."